तोंडासमोर धरलेले पुठ्ठे

माय घरात पत्ते हा शब्दसुद्धा काढू देत नव्हती. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत पत्ते म्हणजे टोकाच्या खोलीतली बाप्यांची बैठक, त्यांच्या शिव्या आणि सकाळी त्यांच्या बायकांची रडारड. म्हणून भाऊ शाळेतून भूगोलाचा खेळ शिकून आला आणि आम्ही घरात तो खेळायला लागलो, तेव्हा तिने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं की यांना पुठ्ठे म्हणायचं. जो पत्ते म्हणेल त्याने आपली भाकर त्या बैठकीत जाऊन मागावी.

तसे ते होतेही पुठ्ठेच. माय घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. साड्यांची गाठोडी आणून टाकणारा माणूस कधीकधी घडीत घालायचे वाकलेले, डाग पडलेले पुठ्ठे आमच्याकडेच सोडून जायचा. एका बाजूने चकचकीत पांढरे, दुसऱ्या बाजूने राखाडी. भावाने ते कापले आणि राखाडी बाजूवर स्केचपेनने राज्यं लिहिली. कापताना त्याने हात आखडला नाही. एकेक पुठ्ठा पाटीएवढा केला. चार-पाच पुठ्ठे हातात धरले की माझ्या हाताला रग लागायची.

हा खेळ घरात आला तो करमणूक म्हणून नव्हे. भाऊ नववीत होता आणि सहामाहीला समाजविद्येत गटांगळ्या खाऊन आला होता. इतिहास त्याने कसाबसा निभावला, पण भूगोलाच्या नकाशात कलकत्ता राजस्थानात नेऊन ठेवलं. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, प्रगतिपत्रक उलटसुलट केलं आणि सांगून टाकलं की शाळा पुरे झाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाऊन आलं की पोरगा त्यांच्यासोबत खात्यावर. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि मागाला सांचा. आप्पा सांचे चालवायचे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, आणि भावाने त्यांच्या शेजारी उभं राहून काम शिकायचं असं त्यांनी शेठला सांगूनही ठेवलं होतं.

माय हे ऐकून जी उठली ती बसलीच नाही. ती अमळनेरजवळच्या खेड्यात चौथीपर्यंत शिकलेली. भाऊ दहावी होईल, पुढेही शिकेल आणि त्याच्या अंगाला सांच्याचं तेल लागणार नाही, एवढं एकच तिने मनाशी धरलेलं होतं. बाकी तिच्या फारशा मागण्या नव्हत्या. तिने आप्पांना विचारलं की एका विषयात नापास झालेलं पोरगं लगेच मजूर कसं होतं. आप्पा काही बोलले नाहीत. तिने पुन्हा विचारलं. ते दाराकडे तोंड करून चपला घालत होते, तसेच निघून गेले.

दोघांचं तसंही बरेच दिवस धड चाललं नव्हतं. भिंतीशी बोलावं आणि या माणसाशी बोलावं, सारखंच, असं ती शेजारणींना सांगायची. मोरीतून हाक मारली तर हे ढिम्म. पाठमोरे बसून दाढी करत असले तर हिने घर डोक्यावर घेतलं तरी मान वळायची नाही. ते मुद्दाम करतात अशी तिची खात्री होती आणि आम्हा दोघांचीही. गल्लीत मात्र आप्पांचं फार नाव. कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं की आप्पा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचे, मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत. इतकं मन लावून ऐकणारा माणूस आख्ख्या लिंबायतमध्ये नाही, असं लोक म्हणायचे. हे कानावर आलं की माय कपाळावर हात मारून घ्यायची.

खेळ सोपा होता, भावाच्या सरांनी वर्गात घेतलेला. प्रत्येक राज्याचे चार पुठ्ठे, एक राजधानीचा, एक नदीचा, एक पिकाचा आणि एक धंद्याचा. सगळे मिसळून वाटायचे. ज्याची पाळी त्याने कुणा एकाला विचारायचं, तुमच्याकडे पंजाबची नदी आहे का. असली तर त्याने मुकाट्याने द्यायची, नसली तर पाळी पुढच्याची. एका राज्याचे चारही जमले की चौकडी झाली. हातात असून नाही म्हटलं आणि ते उघडकीला आलं तर त्या डावातून बाद.

आठवड्यातून एक दिवस आमच्या भागातल्या खात्यांना विजेची सुट्टी असायची. त्या संध्याकाळी माय लवकर भाकरी उरकायची, सतरंजी टाकायची आणि आम्ही चौघं बसायचो. आप्पांना तिने जवळजवळ ओढूनच बसवलं. पोरगा अभ्यास करतो का नाही हे एकदा डोळ्यांनी बघा, एवढंच म्हणाली. त्यांनाही बघायचं असावं, कारण बसले.

पहिल्याच दिवशी तापीवरून भांडण झालं. भावाने तापी गुजरातला दिली होती आणि महाराष्ट्राला गोदावरी. माय म्हणाली, तापी आमची, मी तिच्यात कपडे धुतलेत, ती कुणी गुजरातला देऊन टाकली. भाऊ म्हणाला, ती समुद्राला इथेच मिळते. माय म्हणाली, मिळेना का, मुलगी सासरी गेली म्हणून माहेर बदलतं काय. शेवटी सरांच्या नावाने भाऊ जिंकला, पण मायने त्या दिवसापासून गुजरातची चौकडी कधी केली नाही. तापी हातात आली तर ती डाव संपेपर्यंत दाबून धरायची, नियम काय वाटेल तो असो.

आम्ही सगळेच शिकत होतो, ज्याच्या-त्याच्या परीने. मला तोवर ओडिशा म्हणजे खात्याचा एक कोपरा वाटायचा, कारण आप्पांच्या शेजारचे सांचे चालवणारा गडी गंजामचा होता आणि आप्पा घरी आले की ओडिशा असं म्हणाला, ओडिशा तसं म्हणाला, असंच सांगायचे. त्याच्या राज्याला राजधानी आहे, महानदी आहे, तिथे पोलाद होतं, हे मला पुठ्ठ्यांवरून कळलं. मायला केरळची राजधानी उच्चारता यायची नाही. ती म्हणायची, ती लांबलचक द्या. पण पुढेपुढे ती साड्यांचे धागे कापतानाही पुटपुटायला लागली, झेलम, सतलज, ब्रह्मपुत्रा. शेजारीण विचारायला आली की कुणाचं बारसं आहे.

आणि आप्पा, ज्यांना मारूनमुटकून बसवलं होतं, ते सारखे जिंकायचे. आम्ही पुठ्ठे मांडीवर ठेवून खेळायचो. आप्पा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसायचे, कुणी कुणाला काय मागितलं ते पक्कं लक्षात ठेवायचे आणि आपली पाळी आली की बरोबर उचलायचे. जिंकले की मिशीत हसायचे. आमच्या घरात ते हसणं दुर्मीळ झालं होतं. एकदा तर त्यांनी भावाच्या पाठीवर थाप मारली, कारण त्याने कर्नाटकाची चौकडी एका दमात केली होती. भाऊ त्या दिवशी रात्री झोपेपर्यंत सरळ पाठीने बसला. चाचणीत त्याला भूगोलात बरे गुण मिळाले. मायने ती उत्तरपत्रिका आप्पांच्या ताटाशेजारी ठेवली. आप्पांनी ती वाचली, घडी घालून परत दिली आणि आखाजीचं काही बदललं असं म्हणाले नाहीत.

मग मायने एक नियम केला आणि सगळं फिसकटलं. आप्पा उंच. मांडीवरचे पुठ्ठे त्यांना वरून दिसतात, म्हणून ते जिंकतात, असं तिचं म्हणणं. थोडी चेष्टा होती, थोडा जळफळाट. तिने सांगितलं की आजपासून पुठ्ठे तोंडासमोर धरायचे, नाकापर्यंत. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी काय ठरलं ते विचारलं, मायने पुठ्ठे नाकाला लावून दाखवले, त्यांनी मान हलवली आणि स्वतःचेही तसेच धरले.

त्या डावात आप्पा एकदम ढ झाले. भाऊ विचारायचा, बंगालचा ताग आहे का, आप्पा म्हणायचे नाही. मी विचारायची, ते म्हणायचे नाही. कधी पाळी त्यांच्यावर आली आहे हेही त्यांना कळायचं नाही, मग माय त्यांच्या गुडघ्याला बोट लावायची. पुढच्या सुट्टीलाही तेच. डाव संपला आणि पुठ्ठे उलटे केले तेव्हा भावाने मागितलेले तिन्ही त्यांच्याच हातात निघाले.

भावाचा तोल गेला. चौदा वर्षांचं पोरगं, बापाने शाळेतून काढायचं ठरवलेलं, वर बाप खेळातही लबाडी करतो. तो म्हणाला, तुम्ही मला मुद्दाम हरवता. मी शिकलो तर तुम्हाला नको आहे. हे त्याने पुठ्ठे बाजूला फेकून, आप्पांच्या समोर उभं राहून म्हटलं, त्यामुळे त्यातला एकही शब्द आप्पांना चुकला नाही. त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. आमच्या घरात मारझोड नव्हती, म्हणून तो आवाज मला फार मोठा वाटला. सतरंजीवरचे पुठ्ठे त्यांनी पायाने सारले आणि म्हणाले की आखाजीची वाट बघायची गरज नाही, शाळेची परीक्षा झाली की दुसऱ्या दिवसापासून खातं. मग ते बाहेर गेले.

मी रडले नाही, मला संताप आला होता. मला आप्पांचा इतका राग आला की त्यांचा पाण्याचा तांब्या मी भरला नाही. भावाने पुठ्ठे गोळा केले.  माय मांडीवर हात ठेवून दाराकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला तेव्हा विचित्र वाटलं.

त्या आठवड्यात आप्पांची दिवसपाळी होती. दुपारचा डबा माय रोज खात्याच्या दारातल्या माणसाकडे देऊन परत यायची. एका दुपारी ती आत गेली. पुढे बऱ्याच दिवसांनी तिने मला सांगितलं ते असं. आत इतका आवाज होता की तिला स्वतःचा खोकला ऐकू आला नाही. आप्पा आणि तो गंजामचा गडी, मध्ये दोन सांचे सोडून, एकमेकांशी बोलत होते. ओरडून नव्हे. नुसते ओठ हलत होते आणि दोघं हसत होते. सगळं खातं असंच बोलत होतं. ती बघत असतानाच आप्पांच्या पाठीमागच्या सांच्यात काहीतरी बिघडलं. गंजामच्या गड्याने लांबूनच मान वर केली, धावत आला आणि सांचा बंद केला. आप्पा त्या सांच्याला पाठ लावून उभे होते. गडी अंगावरून गेला तेव्हा त्यांनी वळून बघितलं.

ती घरी आली आणि कुणाला काही बोलली नाही. पुढच्या सुट्टीच्या संध्याकाळी तिने सतरंजी टाकली. भाऊ म्हणाला, मी खेळणार नाही. ती म्हणाली, एकच डाव. आप्पाही घुश्शात होते, पण ती थप्पड त्यांनाही खात असावी, कारण लगेच येऊन बसले. माय म्हणाली, आज पुठ्ठे मांडीवर ठेवायचे. आम्ही ठेवले.

डाव सुरू झाला आणि आप्पा पुन्हा हुशार झाले. एक चौकडी झाली, दुसरी होत आली. मायची पाळी आली. ती आप्पांकडे वळली आणि तिने विचारलं. मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते. मला काही ऐकू आलं नाही. बाहेर भाजीवाला ओरडत होता तो ऐकू आला, मायच्या बांगड्या ऐकू आल्या. तिचे ओठ मात्र हलले होते. आप्पांनी आसामच्या चहाचा पुठ्ठा काढून तिच्यापुढे टाकला.

तिची पाळी चालू राहिली. तिने पुन्हा ओठ हलवले, पुन्हा आवाज नाही.

"नही," आप्पा मिशीत हसत म्हणाले. "महानदी तुनाकडेच शे. माले काय येडा समजस का?"

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. खोलीत कुणी बोललेलं नव्हतं आणि ते उत्तरं देत होते. भाऊ तोंडावर हात दाबून म्हणाला, आप्पा, माय बोललीच नाही. आप्पांनी मायकडे बघून विचारलं, काय म्हणतो तो. भावाने हात खाली घेतला. पुन्हा सांगायची त्याची हिंमत झाली नाही, पण आप्पांना आमचे चेहरे वाचता येत होते.

ते बराच वेळ हातातले पुठ्ठे एकसारखे करत बसले. पुठ्ठ्यांच्या कडा जमिनीवर आपटायचे, पुन्हा उचलायचे. मायने त्यांच्या हातातून ते काढून घेतले तेव्हा ते बोलले. आधी नीट ऐकू यायचं, मग खात्यावरची पाळी संपल्यावर कानात शिट्टी वाजायची, मग ती शिट्टीच राहिली आणि बाकीचं गेलं. खात्यात सगळ्यांनाच थोडं कमी येतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण चांगला कारीगर सांच्याकडे पाठ असतानाही आवाजावरून ओळखतो की सूत नेणारा धोटा अडला, तार तुटली. त्यांना आता ते कळत नव्हतं. कापडात खोट निघायला लागली होती आणि शेठच्या माणसाने तंबी दिली होती. आजवर गंजामचा गडी सांभाळून घेत आला. पण तो आखाजीच्या सुमाराला कायमचा आपल्या गावी चालला होता.

"माले सांचाना आवाज समजत नही आते," ते भावाकडे न बघता म्हणाले. "हाऊ जोडे उभा राहिना ते हाऊ ऐकी. नहीतर माले काढतीन."

म्हणजे पोरगा त्यांना मजूर म्हणून नको होता. त्यांना त्याचे कान हवे होते. कमाईसाठी बाप पोराला खात्यावर नेतो हे गल्लीत घरोघर होतं, ते सांगायला लाज नव्हती. हे मात्र त्यांनी आम्हा कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यापेक्षा दुष्ट बाप ठरणं त्यांना सोपं गेलं.

आतापर्यंत मायचं भांडण एका हट्टी माणसाशी होतं. त्या भांडणात तिला जोर होता, शेजारणी तिच्या बाजूला होत्या. आता तिच्यापुढे भांडायला कुणी उरलं नाही. पोरगा शाळेत ठेवला तर नवरा घरी बसणार, आणि दुसरं कुठलंही काम, रखवालीचं म्हणा, हमालीचं म्हणा, बहिऱ्या माणसाला कोण देणार. नवरा खात्यावर ठेवायचा तर पोरगा त्याच आवाजात उभा करायचा. पाच-दहा वर्षांनी त्याच्या कानांचं काय होणार हे समोरच बसलेलं होतं. मला त्या वयातही हे सगळं लख्ख समजलं आणि मला कुणावर रागवावं ते कळेना. शेवटी मी खात्यावर रागावले, त्याच्या पत्र्याच्या भिंतींवर, जणू त्यांना ते कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी भावाने दप्तर माळ्यावर टाकलं. मोठ्या माणसासारखा आवाज काढून त्याने मायला सांगितलं की परीक्षेपर्यंत थांबायचीही गरज नाही, मी जातो. आप्पांना हे त्याने तोंडासमोर जाऊन सांगितलं. आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरले. ते बघून मला वाटलं की झालं, ठरलं. दोघं बापलेक त्या दोन दिवसांत एकमेकांशी जितकं गोड बोलले तितकं आधी कधी बोलले नव्हते. मायने दप्तर माळ्यावरून काढलं नाही आणि हो किंवा नाही असं काही म्हटलंही नाही. ती धागे कापत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा निघाले तेव्हा ती दारात आडवी आली. तिने त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. आम्ही पोरांनी तिला त्यांना असं शिवताना कधी बघितलं नव्हतं.

"पोऱ्या शाळामा जाई," ती हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "कांडीवर मी येसू. तुमनासंगे. मी ऐकसू."

धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचं मशीन सांच्यांच्या शेजारीच असायचं आणि त्यावर बायका कामाला चालायच्या. आप्पा म्हणाले, बाया रात्रपाळीला ठेवत नाहीत. ती म्हणाली, मग मी दिवसपाळी मागते, दोघांची. आणि त्याच दिवशी ती शेठकडे स्वतः गेली. काय बोलली ते तिने कधी सांगितलं नाही. शेठ काही मवाळ माणूस नव्हता, पण कांडीवरची बाई नुकतीच सोडून गेली होती आणि त्याचं काम अडलं होतं. त्याने दोघांना दिवसपाळी दिली.

भावाचं दप्तर खाली आलं. त्याला आनंद झाला का ते मला सांगता येणार नाही. तो झपाटल्यासारखा अभ्यासाला लागला. घर माझ्याकडे आलं. सकाळच्या भाकरी, पाणी, मोरी, सगळं उरकून मी शाळेत जायची, आणि माझ्या शाळेचं काय होतंय हे कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही. मी आदळआपट करायची. आप्पांना ती ऐकू यायची नाही, मायला यायची. ती म्हणायची, आपट, पण भांडी फुटू देऊ नकोस.

खात्यात तिने आपली रीत बसवली. कांडी भरता भरता तिचा एक कान आप्पांच्या सांच्यांकडे असायचा. कुठल्या सांच्याचा सूर बिघडला की ती रिकामी कांडी त्यांच्या पायाशी भिरकावायची आणि बोटाने दाखवायची कुठला. सुरुवातीला गडी हसायचे. नंतर तेही आपापल्या सांच्याकडे तिचं बोट गेलं की निमूट धावायचे. कापडातली खोट गेली आणि आप्पांना कुणी काढलं नाही. भाऊ दहावी झाला, भूगोलात त्याला सगळ्यांत जास्त गुण मिळाले. मग तो डिप्लोमा करायला वसतिगृहात गेला आणि तिथूनच त्याला लांब दक्षिणेत नोकरी लागली. मायने गल्लीत पेढे वाटले.

तिचं मला आधी स्वयंपाकघरात कळलं. कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या आणि ती शेजारी बसून भाजी निवडत राहायची. मग ती माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागली, आप्पा बघायचे तसंच. मी एकदा वैतागून पाठमोरी तिला वाट्टेल ते बोलले, तिने मान वळवली नाही. मी समोर येऊन विचारलं, तुला ऐकू येत नाही ना. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. भावाला सांगू नको, एवढंच म्हणाली. तो सुट्टीला आला की ती त्याच्या समोरच बसायची, त्याच्याशी छान बोलायची आणि त्याला कधी संशय आला नाही.

तो नोकरीवर गेल्यावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन करायचा. दुकानदाराचा निरोप आला की आम्ही तिघं जायचो, आणि बोलायची मीच. माय कामात आहे, आप्पा दमलेत, असं मी दर वेळी काहीतरी सांगायची. एका रविवारी तो अडूनच बसला. मायला फोन दे म्हणाला, तिलाच सांगायचं आहे. मी तिला खुणेने सांगितलं. तिने रिसीव्हर कानाला लावला, एक माणूस साधारण जितका वेळ बोलेल तितका वेळ थांबली आणि म्हणाली, "हा बेटा. तू जेवना का?" पुन्हा थांबली. पुन्हा म्हणाली, "जेवना का?" रिसीव्हरमधून भावाचा आवाज मला लांबूनही येत होता. तो माय, माय, ऐक ना, म्हणत होता. तिने हसून मान डोलावली आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"तिला ऐकू येत नाही का?" भावाने विचारलं.

 दुकानदार साखर तोलत होता. मग मी म्हटलं, नाही येत.

"कधीपासून?"

मी म्हटलं, तू दहावीत होतास तेव्हापासून हळूहळू.  त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. माय माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, काय म्हणतो तो.

मी तिच्याकडे तोंड केलं आणि सांगितलं, जेवलो म्हणतो.